उबुंटू: एलटीएस की सगळ्यात नवं?

उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या डाउनलोडच्या पानावर दोन उबुंटू दिसतात. एकापुढे ‘एलटीएस’ (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) असतं, दुसऱ्याचा आकडा बऱ्याचदा मोठा असतो. यातलं कुठलं घ्यायचं, असं तुम्ही वरचेवर विचारता. रोजच्या कामाचा संगणक असेल तर एलटीएसच घ्या.

तो आकडा म्हणजे साल आणि महिना. 24.04 म्हणजे एप्रिल 2024. एप्रिल आणि ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते, त्यात सम सालातली एप्रिलची तेवढी एलटीएस. तिला पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने.

नऊ महिने संपले तरी संगणक चालूच राहतो, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. मग कधीतरी टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट अपडेट’ (सॉफ्टवेअरची यादी ताजी करणारी आज्ञा) केलं की एकामागून एक 404, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ असे संदेश यायला लागतात. त्या आवृत्तीची पॅकेजेस (सॉफ्टवेअरच्या फाइली) मुख्य सर्व्हरवरून हलवून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर ठेवलेली असतात. बिचारे लोक इंटरनेट तपासत बसतात! तिथून पुढे जायचं तर सोर्सेसच्या फाइलमधले (जिथून पॅकेजेस उतरतात ते) पत्ते बदलून त्या जुन्या सर्व्हरचे करा, मग एकेक आवृत्ती चढत या. एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर थेट जाता येतं, जसं 22.04 वरून 24.04. ती सूचना नव्या एलटीएसची ‘.1’ आवृत्ती आल्यावर येते, तोवर घाई करू नका. आणि आधी बॅकअप घ्याच, कारण मागे फिरायचं तर सगळं नव्याने टाकावं लागतं.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर एलटीएसवर कधी कधी वाय-फाय दिसतच नाही. अशा वेळी बहुधा चिप नवी आणि कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टीमचा गाभा) जुना असतो. तेवढ्यासाठी नऊ महिन्यांची आवृत्ती घ्यायची गरज नाही. 24.04 मध्ये 6.8 कर्नल होता, 24.04.2 च्या आयएसओत (इन्स्टॉल करायच्या फाइलमध्ये) 6.11 आला. म्हणून एलटीएसचाच सगळ्यात ताजा आयएसओ उतरवा. जुना आधीच टाकला असेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट संगणकाला देणं) सुरू करा आणि ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-24.04’ हे नवा कर्नल आणणारं पॅकेज टाका.

रॅम 4 जीबी किंवा कमी असेल तर लुबुंटू (उबुंटूचंच हलकं रूप) बघा. त्याच्या एलटीएसला मात्र तीनच वर्षं मिळतात.

काहीही निवडलंत तरी आधी 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून ‘ट्राय उबुंटू’ चालवा. वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडा. स्क्रीन काळीच राहिली, तर ते डिस्क पुसायच्या आधी कळलेलं बरं.