फोनवर कोयती

हॅक हा शब्द कोकणात दोन वाटांनी आला. जुनी वाट हार्डवेअरच्या दुकानातून. पंपाचा पाइप कापायला आपण हेक्सा ब्लेड मागतो, ते मूळचं हॅक्सॉ. नवी वाट व्हॉट्सअ‍ॅपवरून. लग्नसराईत कुणाची तरी पत्रिका येते, उघडावी तर ती एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल निघते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला निरोप जातो, "माझा फोन हॅक झालाय, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका."

गुहागरच्या आमच्या शेजारच्या माई पडवीत सुपारी कातरत होत्या. त्यांनी विचारलं, "हॅक म्हणजे नक्की काय करतात रे?" चोरून आत शिरतात, असं मी सांगितलं. पण या क्रियापदाचा मूळ अर्थ माईंच्या घरात कमरेच्या आकडीला लटकून रोज वाडीत जातो. हॅक म्हणजे कोयतीने घाव घालणं, तेही सपासप नाही, वेडेवाकडे. जुन्या इंग्रजीत याचं जे रूप सापडतं त्याचा अर्थ तुकडे तुकडे करणं, आपल्या भाषेत खांडोळी. डच आणि जर्मन भाषांत याची सख्खी भावंडं अजून स्वयंपाकघरात आणि लाकूडतोडीत राबतात. 'एक घाव दोन तुकडे' म्हणतो ते मात्र हॅक नव्हे. हॅकला एका घावात समाधान नाही.

कापण्याच्या बाबतीत कोकणी माणूस फार काटेकोर. भाजी चिरायची, सुपारी कातरायची, नारळ सोलायचा, मग फोडायचा, मग खवायचा. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, कवळ म्हणजे झाडांच्या डहाळ्या तोडायच्या, आंब्याखालचं रान बेणायचं. 'नारळ चिर' म्हणणारा पाहुणा पुण्या-मुंबईचा हे लगेच ओळखू येतं. एवढ्या क्रियापदांच्या गर्दीत हॅकला नेमकं बसणारं एकही नाही, कारण तसलं काम इथे काम म्हणून कुणी मोजतच नाही. नवशिक्याने शहाळ्यावर दहा घाव घातले आणि अर्धं पाणी सांडलं, की इंग्रज त्याला हॅकिंग म्हणेल. आमच्याकडे त्याच्या हातातली कोयती काढून घेतात.

या वेड्यावाकड्या घावाने इंग्रजीत बरेच संसार केले. राहून राहून येणारा कोरडा खोकला, ज्याला आपण ढास म्हणतो, तोही हॅकिंग. फुटबॉलमध्ये समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हेही हॅकिंगच. 1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनचे नियम ठरत होते, तेव्हा या लाथा बंद कराव्यात की नाही यावर खरोखरचं भांडण झालं. लाथांवाचून खेळात दम राहणार नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांतला ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला आणि पुढे रग्बीवाल्यांत जाऊन मिळाला.

इथे एक तोतया हॅकही आहे. भाडोत्री लेखकाला, पैसे देईल त्याचं पान भरून देणाऱ्याला, इंग्रजीत हॅक म्हणतात. त्याचा कोयतीशी काही संबंध नाही. लंडनच्या ईशान्येला हॅकनी नावाचं गाव होतं, आता ते शहरातच आहे. रोजच्या रपेटीच्या साध्या घोड्यांना त्या गावाचं नाव चिकटलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. घोड्यावरून ते भाड्याच्या गाडीवर गेलं, आणि आजही लंडनच्या टॅक्सीचं कायद्यातलं नाव हॅकनी कॅरेज हेच आहे. आपल्या वडापला, माणसं भरून नेणाऱ्या जीपला, सरकारदरबारी एवढा मान कधी मिळेल कोण जाणे! भाड्याने फिरून फिरून दमलेला घोडा, तसा लिहून लिहून दमलेला लेखक. पान भरण्याची कामं मीही केलेली असल्यामुळे हा तोतया मला खऱ्या हॅकपेक्षा जवळचा वाटतो.

फोनपर्यंतची वाट अमेरिकेतून गेली. एमआयटी या संस्थेत खेळण्यातल्या आगगाड्यांचा एक क्लब होता. त्याच्या 1955 च्या एका सभावृत्तांतात सूचना आहे, की विजेच्या यंत्रणेवर काम करणाऱ्यांनी किंवा 'हॅकिंग' करणाऱ्यांनी आधी वीज बंद करावी, म्हणजे फ्यूज उडणार नाहीत. त्या पोरांच्या लेखी हॅक म्हणजे तारा उचकटून काहीतरी नामी जुळवून आणणं. त्याच संस्थेत खोड्यांनाही हॅकच म्हणतात. 1994 मध्ये तिथल्या मोठ्या घुमटावर एका सकाळी पोलिसांची गाडी उभी दिसली होती! म्हणजे गाडीचं वरचं कवच, दिव्यासकट.

पुढे 2004 मध्ये 'लाइफ हॅक' निघाला, रोजच्या कामातली शक्कल. फणस फोडण्याआधी हाताला आणि कोयतीला खोबरेल चोळा, चीक चिकटत नाही, असले व्हिडिओ आता दणक्यात चालतात. माईंच्या आजेसासूबाईंनाही हे कुणी शिकवलं नसेल, ते त्या घरात सगळ्यांना येतच होतं. फणस बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा असेल तर कोयतीपेक्षा हातच बरा, हे त्या व्हिडिओत क्वचितच सांगतात.

आपल्या करामतीचं नाव वर्तमानपत्रांनी चोरांना देऊन टाकलं याचा मूळच्या हॅकर मंडळींना राग आला. 1985 च्या सुमाराला त्यांनी चोरांसाठी वेगळा शब्द सुचवला, क्रॅकर, म्हणजे फोडणारा. तो सामान्य लोकांत काही रुजला नाही. मराठीत मात्र तो आयता तयार होता. घर फोडतात, तिजोरी फोडतात, परीक्षेचा पेपर फोडतात, आमदार फोडतात, आणि यातल्या कशालाही कोयती लागत नाही.

हे माईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग फोन फोडला असंच म्हणावं की!" म्हणायला हरकत नाही. फक्त ऐकणारा पहिल्यांदा विचारेल, "नवीन काचेचे किती पडले?"