खडपातली सकाळ

वांद्र्याच्या कार्टर रोडवर मी शेकडो वेळा फिरले असेन, पण कठड्याच्या अलीकडूनच. परवा पहिल्यांदा खाली खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत, उतरले. पौर्णिमा नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. आजी सांगायची, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला दुपारी पाऊणची भरती, तर पूर्ण ओहोटी सकाळी साडेसहाच्या आसपास. मोबाइलवरचा तक्ताही तेच सांगत होता. मोठ्या उधाणात मुंबईचं पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, तेही सहा-सहा तासांत. खडकांच्या फटींतून ओढ असते ती त्यामुळेच.

दहा पावलांतच घसरले. हात टेकला तो नेमका कालवांवर, तळव्याला कापलं. कोयतीने कालवं काढत बसलेल्या मावशी हसल्या. "ताई, चप्पल नाय चालायची इथं."

लांबून उघडाबोडका वाटणारा हा काळा बेसाल्ट जवळून पाहिला तर बोटभर जागा रिकामी नाही. वर बार्नॅकल, खाली कालवं, साचलेल्या पाण्यात झोअँथिडची, म्हणजे समुद्रफुलांसारख्या इवल्या जिवांची, हिरवट गादी. बार्नॅकल दिसतं शिंपल्यासारखं, पण ते खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातलं. लहानपणी पाण्यात भटकतं, जागा पसंत पडली की डोकंच खडकाला चिकटवून टाकतं. पुढचं सगळं आयुष्य पायांनी जेवायचं! एका डबक्यात पाहत बसले: झाकण उघडलं, पिसांसारखे पाय बाहेर आले, झपकन आत. पुन्हा बाहेर. पाय सहा जोड्या. पाणी वाहतं असलं की जेवण दारात येतं. दादर स्टेशनबाहेरचा वडापाववाला कुठे जातो गिऱ्हाईक शोधायला? जागेची मारामारी मात्र दोघांनाही.

स्पंज, समुद्रफुलं, प्रवाळ, सगळ्यांचा संसार असाच एका जागी. किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून १८ प्रवाळवसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या, तेव्हा ती बातमी मी वरवर वाचून सोडली होती. मुंबईत प्रवाळ आहेत यावरच विश्वास बसला नव्हता.

"पाणी फिरलं," मावशी टोपली उचलत म्हणाल्या. मला तर काहीच फिरलेलं दिसेना. पण मघाशी कोरडी असलेली फट खळखळायला लागली होती. तिच्या कडेची मिटलेली बार्नॅकल एकेक करून उघडली. मी वाकून बघत राहिले, तोवर चपला भिजल्या.

"चला आता," मावशी पुढून ओरडल्या.