वरवंटा

घर बदलताना माझी कंबर धरली ती कपाटाने नव्हे, वरवंट्याने. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

गुहागरकडच्या वाडीतून रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर यायचं होतं. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, सगळी चढण. दिवस मे अखेरचे. ‘पावसाच्या आत उरकून घेऊ’ हा कोकणातला फार महागात पडणारा विचार. शेवाळावरून घसरायची भीती नसते हे खरं, पण हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. दोन फेऱ्यांत माझा गुरगुट्या भात झाला.

मदतीला चार गडी होते. त्यातले काका साठीच्या पुढचे. प्रत्येक खोकं उचलण्याआधी ते पायाने जरासं ढकलून बघायचे. टीव्हीच्या खोक्यात मी झाडून सगळी पुस्तकं भरली होती. ते काही हललं नाही. “भाऊ, ह्यात चिरे भरलात काय?” मुकाट्याने सगळं उपसलं. पुस्तकं लहान खोक्यांत, मोठ्या खोक्यात चादरी. काका पंचाची चुंबळ करून ओझं डोक्यावर घेत आणि अर्ध्या वाटेत गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टेकवत. गडगा छातीइतका उंच, म्हणजे उतरवताना वाकायला नको. दम लागल्यावर थांबणारा मी; ते दम लागायच्या आधीच थांबायचे.

सिलिंडर मात्र मीच उचलला. आत गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन, मिळून तीसेक किलो. कपडे मळू नयेत म्हणून दोन्ही हात लांब करून धरला. “पोटाशी घ्या!” काका ओरडले. पहारीने चिरा उकटताना लांब बाजू आपल्या हातात असते, म्हणून कमी जोर लावून काम होतं. हात लांब करून ओझं धरलं की लांब बाजू ओझ्याकडे जाते आणि चिऱ्याच्या जागी आपली कंबर येते. शर्ट मळला, कंबर वाचली. तेव्हापुरती.

तवसाळहून टेम्पो फेरीबोटीत चढला. जयगडपर्यंत खाडीचा वारा आणि बाटलीतलं कोकम सरबत, मीठ जरा जास्तच घातलेलं. दिवसातली खरी विश्रांती तेवढीच. फ्रिज उभाच आणला होता.

संध्याकाळी कपाट, घडवंची, बरण्या सगळं वर गेलं. टेम्पोत कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला वरवंटा तेवढा उरला. चार-पाच किलोचा ऐवज. गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकलो, एका हाताने उचलला आणि तसाच वळून बायकोकडे द्यायला गेलो. कट्ट.

टेम्पोच्या फळीवर मी आडवा. काका बिडी शिलगावत म्हणाले, “कपाटाला चार माणसं होती. वरवंट्याला कोण नव्हतं.”

डॉक्टरांनी निजून राहायला बंदी केली. झेपेल तेवढं हिंडा म्हणाले. मग नव्या घरात भिंतींना धरून हिंडत राहिलो. वरवंटा दाराशीच पडून होता. तिसऱ्या दिवशी बायकोने शांतपणे विचारलं, पाटा कुठल्या खोक्यात ठेवलाय?

पाटा वाडीतच राहिला होता.