चर्चपासून कड्यापर्यंत

यॉर्कशायरच्या होल्डरनेस किनाऱ्यावरचं 1850 च्या दशकातलं एकेक शेत, एकेक वाट आज जुन्या नकाशांवर घरबसल्या बघता येते, तीही फुकट. गंमत म्हणजे इंग्लंडचे हे काउंटी नकाशे जगासमोर मांडलेत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने! जुना नकाशा उपग्रहचित्रावर ठेवून हळूहळू विरळ करत जायचं, की शेतांचे बांध थेट पाण्यात शिरताना दिसतात, इतका हा किनारा समुद्राने खाल्लाय. आपल्याकडच्या किनारी टोपोशीट, म्हणजे सरकारी मोजणीचे तपशीलवार नकाशे, वर्षानुवर्षं ‘प्रतिबंधित’ होत्या, हे आठवून जीव जळतो. आता महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नकाशा दिसतो, मान्य. पण तो आजचा.

किनारा किती झिजला हे मोजायला मात्र कुठलाही जुना नकाशा चालत नाही. जॉन स्पीडचा 1610 च्या सुमाराचा नकाशा भिंतीवर शोभतो. पण त्याने बरंचसं आधीच्या सॅक्स्टन या नकाशाकारावरून उतरवलंय. गाव होतं एवढं त्यावरून कळतं, जमीन किती गेली ते नाही. त्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचा मैलाला सहा इंची नकाशा घ्यावा. त्यावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 10.56 मीटर.

अजून उभ्या असलेल्या चर्चचा कोपरा धरा. तिथून किनाऱ्याच्या दिशेने सरळ, कड्याच्या वरच्या धारेपर्यंत मोजा, एकदा जुन्या नकाशावर आणि एकदा नंतरच्या. दोन्हींतला फरक म्हणजे झीज. भरतीरेषेपर्यंत मोजाल तर फसाल, कारण पुळण एका वादळात येते आणि जाते. साल समासातलं, मोजणीचं घ्या, छपाईचं नको. कागद आकसतो, म्हणून दोन चर्चमधलं अंतर दोन्ही नकाशांवर मोजून ताळा पाहावा. शाईची रेघच जमिनीवर तीन-चार मीटर भरते, त्यामुळे दहा वर्षांच्या फरकातून काहीच सिद्ध होत नाही. चाळीसेक वर्षं तरी हवीत.

इथली सरासरी झीज वर्षाला 2 मीटरच्या आसपास निघते. हिमनदीने आणून टाकलेली चिकणमातीच ती! कोकणचा कातळ आणि जांभा असा ढासळत नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तिकडे लावू नयेत. मुंबईच्या नकाशांवर तर रेघ उलटी सरकते. तिथे समुद्रच आपण खाल्ला.

झीज सगळीकडे सारखी नसते. पुळण जिथे खोलगट होते त्या पट्ट्याला इथे ‘ऑर्ड’ म्हणतात. तो दक्षिणेकडे सरकत राहतो आणि पोचेल तिथला कडा लाटांना उघडा पडतो. याच किनाऱ्यावरच्या मॅपलटन गावाला 1991 मध्ये दगडांचे दोन बांध समुद्रात घातले. गाव वाचलं, पण वाळू तिथेच अडली आणि दक्षिणेला काउडनचा कडा जास्त वेगाने कोसळू लागला.