खानापूरचा पाऊस, सौंदत्तीचा भंडारा आणि एक बॅग

बेळगाव जिल्ह्यात ऑगस्टमध्ये पाच दिवस फिरायचं तर कपड्यांचा हिशेब दोनदा मांडावा लागतो. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस आडवा मारतो आणि दिवस दिवस थांबत नाही. बेळगाव शहरात झिमझिम आणि गारवा. गोकाक-सौंदत्तीच्या वाटेला लागलात की तांबड्या मातीची काळी होते, आभाळ मोकळं होतं आणि अंगातला स्वेटर हातात येतो. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते. नदी एकच, पण तिच्या उगमाकडचे कपडे धरणाकडे कामाचे नाहीत.

या फेऱ्याचा मार्ग असा होता: पहिल्या तीन रात्री बेळगावात. दुसऱ्या दिवशी खानापूर आणि हलशी, तिसऱ्या दिवशी जांबोटी-कणकुंबी. चौथ्या दिवशी गोकाकचा धबधबा करून सौंदत्तीला मुक्काम. पाचव्या दिवशी बेळगावला परत येऊन बॅग उचलायची आणि निपाणीवरून कोल्हापूर गाठायचं. सगळा प्रवास एसटी आणि कर्नाटकच्या लाल बसने. नकाशा पाहिला तर बेळगाव मधोमध आणि वाटा चारी दिशांना फुटलेल्या. म्हणून मोठी बॅग बेळगावातच ठेवावी आणि ज्या दिशेला जायचं तिचीच पॅकिंग क्यूब, म्हणजे बॅगेत ठेवायची कपड्यांची छोटी पिशवी, झोळीत टाकून निघावं. पॅकिंग क्यूबचा खरा उपयोग इथे हाच आहे. लोक ती बॅग टापटीप दिसावी म्हणून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कंटाळतात.

क्यूब म्हणजे तरी काय, चेन लावलेलं बोचकं. फरक इतकाच की ते चौकोनी असतं, त्यामुळे बॅगेत कोपरे वाया जात नाहीत.

भरताना कशाप्रमाणे वाटणी करायची

सगळे सांगतात ती रीत अशी: शर्ट एका क्यूबमध्ये, पँट दुसऱ्या, आतले कपडे तिसऱ्या. आठवडाभर एकाच खोलीत राहणाऱ्याला ती ठीक आहे. या फेऱ्यात मात्र तसं केलं तर रोज सकाळी तिन्ही क्यूब उघडाव्या लागतात आणि कणकुंबीहून भिजून आलेली पँट रात्री कोरड्या पँटींच्या शेजारी जाऊन बसते. इथे वाटणी दिशेप्रमाणे करा. एका माणसाला चार क्यूब पुरतात:

खानापूर क्यूब: पॉलिएस्टरचे टी-शर्ट २, पातळ ट्रॅक पँट २, लांब मोजे ३ जोड, आतले कपडे ३ जोड, एक पंचा, एक जाड प्लास्टिकची पिशवी. जीन्स नको. या हवेत ती दोन दिवसांतही वाळत नाही आणि ओली जीन्स एकटीच किलोभर भरते. टर्किश टॉवेलचंही तेच. पंचा पंख्याखाली रात्रीत वाळतो.

सौंदत्ती क्यूब: पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट किंवा कुर्ते २, सुती पँट किंवा सलवार १, रात्रीचा एक जोड, आतले कपडे २ जोड, टोपी.

शहराची क्यूब: इस्त्रीचे कपडे किंवा साडी, स्वेटर, प्रवासाचा परतीचा जोड.

चौथी क्यूब रिकामी, घडी करून तळाशी. तिचं काम परतताना.

चार्जर, औषधं, साबण यांना लहान पाऊच. तो क्यूबमध्ये घालू नका. तो रोज लागतो, त्याची जागा झोळीतच.

मापं

दुकानातला संच डोळे झाकून घेऊ नका. आधी बॅग आतून मोजा. २४ इंची कडक बॅगेचा एक अर्धा भाग आतून साधारण ५८ × ३८ सेंटीमीटर भरतो. त्यात ४० × ३० ची ‘लार्ज’ क्यूब कशीही ठेवली तरी दुसरी बसत नाही, बाजूला पट्टी रिकामी राहते आणि बॅग उभी केली की सगळं त्या पट्टीत घसरतं. ३८ × २८ × १० च्या दोन क्यूब शेजारी ठेवल्या तर ३८ × ५६ होतं आणि तो भाग भरतो. अशी एक क्यूब साडेदहा लिटरची.

ज्या अर्ध्या भागात ट्रॉलीच्या दांड्या आहेत तिथे तळ सपाट नसतो, दोन उंचवटे आणि तीन खाचा असतात. क्यूब थेट त्यावर ठेवली की ती वर-खाली डुलते आणि चार सेंटीमीटर उंची फुकट जाते. आधी खाचांमध्ये मोजे, पंचा, पट्टा, गुंडाळलेला बनियन भरून तळ सपाट करा, मग क्यूब ठेवा. जड क्यूब चाकांच्या बाजूला.

मापाची क्यूब मिळाली नाही तर शिंप्याकडून शिवून घेता येते. ज्या बेळगावात शहापूर-वडगावची मागवाली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणत आली, तिथे कापडाची आणि शिवणाऱ्याची वाण नाही. नायलॉनचं पातळ अस्तर आणि वरच्या बाजूला जाळी घ्या. जाळी बुटांना वापरतात तसली दणकट हवी, मच्छरदाणीची पहिल्याच प्रवासात फाटते. चेन ५ नंबरची. ती तीन बाजूंनी फिरते, म्हणजे २८ + ३८ + २८ = ९४ सेंटीमीटर, तेव्हा मीटरभर घ्यावी आणि रनर, म्हणजे चेनवर सरकणारी कडी, दोन. शिवणीला आतून गोट मारायला सांगा, नाहीतर नायलॉनचे दोरे सुटतात आणि तेच रनरमध्ये अडकतात. घरातलं साडीचं कव्हर चालतं का, असं बरेच विचारतात. एका फेऱ्यापुरतं चालतं. त्याची चेन बारीक असते आणि ती कोपऱ्यावर पहिली जाते.

दाबून भरायच्या क्यूब

दोन चेनवाल्या, म्हणजे दुसरी चेन ओढली की चपटी होणाऱ्या क्यूबबद्दल फार ऐकू येतं. त्यांनी जागा वाचते, वजन एका ग्रॅमनेही कमी होत नाही. उलट वाचलेल्या जागेत माणूस आणखी दोन कपडे कोंबतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानाने जाणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या ७ किलोच देतात, आणि चार क्यूबच त्यातले तीन-चारशे ग्रॅम खातात. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, खाली देण्याच्या बॅगेत ती चालत नाही.

अशी क्यूब पाऊणच भरायची. आधी आतली चेन पूर्ण लावा, तळहाताने मधून कडेकडे हवा काढा, मग बाहेरची चेन. एका हाताने रनर, दुसऱ्या हाताची बोटं रनरच्या पुढे ठेवून कापड आत ढकलत न्या. ताण सगळ्यात जास्त कोपऱ्यावर येतो, तिथे थांबून दोन्ही कडा हाताने जवळ आणा आणि मगच ओढा. रनर पुढे गेला पण मागे चेन उघडीच राहिली, तर दात गेलेले नसतात, रनर सैल झालेला असतो. तो मागे सुरुवातीपर्यंत न्या, पकडीने दोन्ही बाजू किंचित दाबा, पुन्हा ओढा. जोरात दाबलात तर रनर तुटेल.

साडी यात घालायची नाही. इरकल असो की कुठलीही काठपदराची, दाबली की घडीवर चर पडते आणि जरीकाम असेल तर ते तिथे काळं पडून तुटतं. साडी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून शहराच्या क्यूबमध्ये सगळ्यात वर, आडवी.

ओला कपडाही यात घालायचा नाही, अर्धवट वाळलेलाही नाही. हवा काढून बंद केलेला दमट सुती कपडा दुसऱ्या दिवशी कुबट येतो आणि तो वास बॅगेतल्या सगळ्याला लागतो.

खानापूर, हलशी, जांबोटी, कणकुंबी

बेळगावहून खानापूर सुमारे २६ किलोमीटर. हलशी कदंब राजांची दुसरी राजधानी होती, भूवराह नरसिंहाचं देऊळ पाहण्यासारखं. आत अनवाणी जायचं आणि दगड ओला, म्हणून मोज्यांचा जादा जोड क्यूबमध्ये नाही, झोळीच्या बाहेरच्या खणात हवा. जांबोटीच्या पुढे चोरल्याच्या वाटेवर कणकुंबी. भीमगडच्या जंगलातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात वनखात्याची बंदी येते, निघण्याआधी खानापुरात चौकशी करा.

या दोन दिवसांत झोळीत फक्त खानापूर क्यूब. तीही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड पिळून आत दुमडलेलं. क्यूबवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी चेनच्या टाक्यांतून पाणी शिरतं. परतताना उलट करा: ओले कपडे प्लास्टिकमध्ये आणि रिकामी क्यूब बाहेर, कोरडी.

जळवा. हे वाचून कुणी जाणं रद्द करू नये, पण मोजे आणि पँटीची दुमडलेली खालची पट्टी उलटून पाहिल्याशिवाय कपडे पिशवीत घालू नयेत. बुटांतही पाहा. बूट नेहमी वेगळ्या पिशवीत, त्यात रात्री शिळ्या पेपराचे बोळे कोंबायचे आणि झोपण्याआधी एकदा बदलायचे.

लॉजवर आल्यावर ओली पिशवी त्याच रात्री उघडायची. ‘सकाळी बघू’ म्हटलं की सकाळी बुरशीचा वास तयार असतो. कपडे पिळून पंचामध्ये गुंडाळा, त्यावर उभं राहा, मग खुंटीला. अर्धं पाणी पंचा ओढून घेतो. तांबडी माती लागलेली पँट पाण्यात बुडवण्याआधी वाळू द्या आणि झटका. ओलीच चोळली तर डाग सुतात मुरतो.

गोकाक आणि सौंदत्ती

चौथ्या दिवशी झोळीत सौंदत्ती क्यूब. मोठी बॅग कुलूप लावून बेळगावच्या लॉजवर, काउंटरवर आधी विचारून. खानापूरची क्यूब बॅगेत बंद करू नका. कपडे पूर्ण वाळले नसतील तर ते जाळीच्या पिशवीत बॅगेच्या वर बांधा.

घटप्रभेचा गोकाक धबधबा ५२ मीटरवरून कोसळतो आणि पाणी भरात असलं की तुषार लांबपर्यंत येतात. तिथे छत्री कामाची नाही, झोळीवर प्लास्टिक ओढावं. बसच्या पाट्या कानडीत असतात, कंडक्टरला गावाचं नाव सांगून खात्री करूनच चढा. सौंदत्तीच्या लॉजवर दोन शब्द उपयोगी पडतात: ‘बिसि नीरु’ म्हणजे गरम पाणी, ‘एष्टु’ म्हणजे किती.

यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळतात. हळदीची ती पूड जाळीतून सहज आत जाते, आणि जाळीची क्यूब घेऊन गेलेल्याच्या सगळ्या शर्टांवर ठिपके येतात. डोंगरावर जाताना क्यूब खोलीतच ठेवा. ते शक्य नसेल तर प्लास्टिकमध्ये बांधा. अंगावरचे कपडे उतरल्यावर आधी बाहेर झटका, मग वेगळ्या पिशवीत. भंडाऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, माणूस घाबरून आणखी साबण घासतो. हळद क्षाराने लालच होते. गार पाण्यात साबण नीट निघेपर्यंत खळबळा आणि कपडा ओलाच कडक उन्हात टाका. उन्हाने हळद विटते, एका दिवसात बरीच, दोन दिवसांत जवळजवळ सगळी. सौंदत्तीत ऊन मिळतं, कणकुंबीत मिळालं नसतं.

ओटीचा नारळ फोडून मिळाला असेल तर तो कपड्यांत अजिबात नाही. डबा न्या.

परतीची क्यूब

आता चौथी क्यूब उघडा. गोकाकचा करदंट जड आणि टणक असतो, डिंक-गूळ-सुकामेव्याचा. तो तळाशी, चाकांकडे. बेळगावचा कुंदा तुपकट असतो आणि बसच्या उबेत तूप सुटतं. खोका दोन पिशव्यांत बांधून आडवा ठेवा, उभा ठेवलात तर कोपऱ्यातून गळतो. मांडे क्यूबमध्ये नेऊ नका. ते पापुद्र्यासारखे असतात, वर हात टेकला तरी चुरा होतो. कडक डब्यात, मांडीवर. निपाणीपर्यंत बसमध्ये वरच्या फळीवर दुसऱ्याची बॅग त्यावर येणारच.

मळके कपडे त्याच क्यूबमध्ये उलट्या दिशेने भरतात काही जण, म्हणजे स्वच्छ जाळीकडे, मळके तळाकडे. दोन्ही दमट होतात. मळक्यांना साधी कापडी पिशवी बरी, ती श्वास घेते.

घरी आल्यावर क्यूब उलटी करून आधी कोरडीच झटका, शिवणींत तांबडी माती बसलेली असते आणि ती चेनच्या दातांत गेली की रनर खरवडायला लागतो. जुन्या दातब्रशने चेन घासा, मग गार पाण्यात हाताने धुवा. मशीन नको, इस्त्री तर नकोच. वाळल्यावर चेनवरून मेणबत्ती एकदा फिरवून ठेवा.