साखरेचं मोठं गिऱ्हाईक

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांत पूर्वी उसाच्या दराची चर्चा चालायची. आता रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चालते. ज्या गावाचा गूळ जगभर जातो, तिथे साखर तपासायच्या पट्ट्याही खपाव्यात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ही साखर रिचवणारं अंगही याच गावानं हौसेनं घडवलं होतं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, पेठापेठांतून तालमी घुमल्या. तालमी आजही आहेत. मंडळं त्यांचीच, फुटबॉलचे संघ त्यांचेच. हौद्यातली माती उकरणारे हात मात्र कमी झाले.

मधुमेह म्हटलं की आपण सगळं खापर स्वादुपिंडावर फोडतो. पण तिथून निघणारं इन्शुलिन नुसता निरोप देतं. माल उचलतो स्नायू. इन्शुलिन आणि साखर शिरेतून देऊन केलेल्या प्रयोगांत शरीरानं उचललेल्या साखरेतला सुमारे ८० टक्के वाटा स्नायूंचा निघाला. म्हणजे बाजारातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हेच. आणि एकदा घेतलेला माल परत न करणारं! यकृत साठवलेली साखर गरज पडली की रक्तात सोडतं. स्नायूला ते जमत नाही, त्यासाठी लागणारं विकरच (एन्झाइम) त्याच्याकडे नाही. घेतली ती साखर तिथेच जाळायची.

हे गिऱ्हाईक कुठे अडतं, ते येल विद्यापीठातल्या जेरल्ड शुलमन यांनी पाहिलं. स्नायूचा तुकडा न काढता, चुंबकीय यंत्रानं बाहेरूनच. १९९०च्या त्यांच्या निबंधात मधुमेहींच्या स्नायूंत साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, बनण्याचा वेग निरोगी माणसांच्या निम्म्याहूनही कमी दिसला. पुढे त्यांनी बोट ठेवलं ते स्नायूच्या पेशीत शिरलेल्या चरबीवर. ती इन्शुलिनचा निरोप मधेच अडवते.

ही चरबी पोट सुटलेल्यांचीच असते असंही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वजनकाट्यावर उभं राहून खूश होणाऱ्या प्रत्येकानं तो फोटो बघावा. (रांगडेपणाचा अभिमान मिरवणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना तो जरा जास्तच झोंबतो.)

आमच्या गल्लीत एक जुने वस्ताद आहेत. त्यांना हे सगळं सांगायला गेलो तर म्हणाले, "त्यात काय नवीन सांगतूस? बैठका सुटल्या, खुराक सुटला न्हाई. पोरं पैलवानकी सोडत्यात आनि थंडाई चालूच ठेवत्यात." येलला यंत्र लागलं, वस्तादांना गल्ली पुरली. पण वस्तादांना न दिसलेलं एक मी हातचं राखून ठेवलं होतं. स्नायूच्या पेशीत ग्लूट-४ नावाची प्रथिनं असतात. इन्शुलिन आलं की ती पेशीच्या पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. पण स्नायू आखडला-सैलावला, म्हणजे नुसता राबला, तर इन्शुलिनची वाट न बघताही ती वर येतात. मधुमेहीच्या अंगातसुद्धा. शिवाय राबून झालेला स्नायू पुढे दिवसभर, कधी दोन दिवसही, इन्शुलिनचं जास्त ऐकतो. मग हळूहळू विसरतो. म्हणूनच रविवारी एकदाच रंकाळ्याला फेरी मारून आठवडाभर भागत नाही. आणि मंगळवार पेठेतून महाद्वार रोडला जायलाही गाडीला किक मारणाऱ्यांचं तर नाहीच नाही.

"हे कुनी शोधलं?" वस्तादांनी विचारलं. एकट्यानं कुणी नाही म्हणालो, पण अमेरिकेतल्या जॉन हॉलोझी यांचं नाव त्यात मोठं. १९६७ साली त्यांनी उंदरांना सरकत्या पट्ट्यावर पळायला लावलं, वाढवत वाढवत रोज दोन तासांपर्यंत, आठवड्यातले पाच दिवस. त्या उंदरांच्या स्नायूंची इंधन जाळायची ताकद दुप्पट झाली.

वस्ताद खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "दोन तास? आनि खुराक काय हुता त्यांचा?"