इंद्रभुवन ते बाळीवेस

सोलापूरची जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत निवड झाली, तेव्हा आमच्यासारख्या जुन्या रहिवाशांना नव्या पुलांपेक्षा गावठाणाचीच काळजी अधिक होती. त्या योजनेतून झालेल्या कामांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते इंद्रभुवनचे जतन. अप्पासाहेब वारद यांनी उभारलेली आणि पुढे महापालिकेचे कार्यालय झालेली ही वास्तू कित्येक वर्षे फायलींच्या ढिगाआड गेली होती. आता तिचे नक्षीकाम निवांत उभे राहून पाहता येते.

तेथून चार हुतात्मा चौक गाठावा. मे १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. ही चार नावे एकत्र वाचली की या शहराची घडण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव जवळच आहेत. (दुपारी मात्र जाऊ नये, सोलापूरचे ऊन पाहुण्यांची गय करत नाही.)

पुढे बाळीवेशीकडे वळल्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एकाच दुकानात ऐकू येतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी येथेच घ्यावी. सुशोभीकरणाच्या दिव्यांपेक्षा मला ही वर्दळ अधिक खरी वाटते. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते तेव्हा तर या अरुंद रस्त्यांना कोणत्याही सजावटीची गरज उरत नाही.